कामगार न्यायालयातली तारीख कुणाच्या फायद्याची?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा रद्द केला. आता कामगार न्यायालयाच्या जागी दोन सदस्यांचे औद्योगिक न्यायाधिकरण येणार, त्यात एक न्यायिक व एक प्रशासकीय सदस्य असणार आणि कामगारांचे खटले झटपट निकाली निघणार, असा डांगोरा पिटला जात आहे. पण ही न्यायाधिकरणे होती कुठे? ती स्थापन होईपर्यंत जुन्याच न्यायालयांनी काम चालू ठेवावे, असा आदेश त्याच सरकारला डिसेंबर २०२५ मध्ये काढावा लागला. घर बांधण्याआधीच वास्तुशांती उरकण्याचा हा प्रकार आहे.

खटले लवकर निघावेत याला आमचा विरोध असण्याचे काहीच कारण नाही. कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात कोण बसलेले असते, हे आम्ही वकिलीच्या इतक्या वर्षांत रोज पाहत आलो आहोत. नगरपालिकेचा कंत्राटी सफाई कामगार, एमआयडीसीतला हेल्पर, रुग्णालयातली आया, सुरक्षारक्षक. बहुतेक आपलीच माणसे. कामावरून काढलेला हा माणूस पोट भरण्यासाठी कुठेतरी रोजंदारी करत असतो. तारखेला आला की त्या दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे जाते. मालकाचा अधिकारी त्याच तारखेला पगारी ड्युटीवर येतो आणि मालकाचा वकील मुदतीचा अर्ज देऊन मोकळा होतो. तारीख दोघांना एकच मिळते, पण तिची किंमत एकटा कामगार मोजतो. म्हणूनच खटल्यांचे नियोजन हा आमच्या दृष्टीने कारकुनी विषय नाही. तो कामगाराच्या भाकरीचा विषय आहे.

कायद्यात मुदती नव्हत्या म्हणून उशीर झाला, असे कुणी समजू नये. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यातले कलम २८ सांगते की तक्रार शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी. औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने एकट्या कामगाराच्या वादाला तीन महिन्यांची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात किती खटले त्या मुदतीत संपले? न्यायालयाने वा मालकाने मुदत पाळली नाही तर कुणाचेही काही बिघडत नाही. कामगाराने मात्र त्याच कलम २८ प्रमाणे ९० दिवसांत तक्रार केली नाही, तर त्याला उशीर माफ करण्याचा अर्ज द्यावा लागतो. आणि त्या अर्जावरही तारखाच पडतात!

उशीर आपोआप होत नाही, तो केला जातो. कसा, ते पाहा. कामगार दाद मागायला आला की मालक पहिला आक्षेप घेतो की हा 'कामगार'च नाही. तो मुद्दा आधी ठरवा म्हणतो. तो ठरला की त्याविरुद्ध वर जातो. डी. पी. माहेश्वरी या दिल्लीच्या कर्मचाऱ्याला १९६९ साली कामावरून कमी केले. तो कामगार आहे की नाही, एवढ्या एका प्राथमिक मुद्द्यावर प्रकरण कामगार न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला १९८३ साली, तोही प्राथमिक मुद्द्याचाच. मूळ वाद ऐकण्यासाठी प्रकरण पुन्हा खाली आले. असे प्राथमिक मुद्दे वेगळे काढू नका, सगळे मुद्दे एकाच वेळी ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच बजावले होते. आज चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तोच खेळ चालू आहे.

कंत्राटी कामगाराची फरफट तर दुप्पट. २००१ साली सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालक-कामगार नातेच मालकाला अमान्य असेल, तर ते नाते आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली सिद्ध करून आणावे, मगच १९७१ च्या कायद्याखाली तक्रार करावी. म्हणजे आधी एक खटला जिंका, मग दुसरा सुरू करा. मालकाने फक्त 'हा माझा कामगार नाही' एवढे म्हणायचे.

मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांनी हा लांबचा रस्ता चालून दाखवला. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला. पालिका उच्च न्यायालयात गेली, हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही २०१७ साली कामगारच जिंकले. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आणि समोर कचरा उचलणारे हात! एकदा निवाडा मिळाल्यावरही आणखी अडीच वर्षे त्यांना लढावे लागले. संघटना भक्कम होती म्हणून ते टिकले. एकटादुकटा कामगार अशा लढ्यात मधेच गळून पडतो आणि मालकाला हवे असते तेही हेच.

आता कुणी म्हणेल, मग खटले झपाट्याने काढा की! इथेच सावध राहायला हवे. निकाली निघालेल्या खटल्यांचा आकडा वाढवणे सोपे असते. कामगार एका तारखेला आला नाही म्हणून प्रकरण काढून टाकले, की आकडा एकाने वाढला. लोकअदालतीत पाच-पंचवीस हजारांत तडजोड करून घेतली, की आणखी एकाने वाढला. कागदावर निकाल झाला, पण कामगाराला काय मिळाले? खटला कधी संपला, हे कामगाराच्या हाती पैसे किंवा कामाचा हुकूम पडल्यावरच म्हणता येईल. वसुलीचा दाखला तहसील कचेरीच्या कपाटात पडून असेल, तर तो खटला आमच्या लेखी प्रलंबितच आहे.

उशिराचे खापर कामगाराच्या डोक्यावर फोडण्याचीही एक रीत पडली आहे. इतकी वर्षे गेली, आता मागचा पगार कशाला, असा युक्तिवाद होतो. दीपाली सुरवसे यांच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बेकायदा काढलेल्याला मागच्या पगारासह कामावर घेणे हा सर्वसाधारण नियम आहे, आणि न्यायालयात मनुष्यबळ व सोयी नाहीत म्हणून झालेल्या उशिराची शिक्षा पक्षकाराला देता येत नाही. हा निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा.

नियोजन करायचेच तर ते असे करा. पहिल्याच तारखेला कैफियत, कागदपत्रे, पुरावा आणि युक्तिवाद यांचे वेळापत्रक ठरवा. हजेरीपट, पगारपत्रक, चौकशीचे कागद मालकाकडेच असतात, ते कैफियतीसोबतच दाखल करून घ्या. सगळे मुद्दे एकत्र ऐका. अंतरिम अर्ज महिनोन् महिने लोंबकळत ठेवू नका. मालकाने मुदत मागितली तर कामगाराची त्या दिवसाची मजुरी आणि भाडे त्याच दिवशी त्याच्या हातावर ठेवायला लावा. निवृत्तीला टेकलेले कामगार आणि मयत कामगारांच्या विधवा यांची प्रकरणे बोर्डावर वर घ्या. एकाच मालकाविरुद्धची सारखी प्रकरणे एकत्र चालवा. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. लागतो तो न्यायाधीश, लघुलेखक आणि इच्छा. कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे न्यायिक सेवेचाच भाग आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात १९९८ साली ठरवले. तेव्हा पदे भरण्याच्या जबाबदारीतून ना सरकारला हात झटकता येतील, ना उच्च न्यायालयाला.

नव्या संहितेबाबत आमची शंका साधी आहे. बडतर्फीचा वाद ऐकायला दोन्ही सदस्य हवेत. एक जागा रिकामी राहिली की पुन्हा तारीखच. जुने खटले वर्ग झाल्यावर ते आहे त्या टप्प्यापासून पुढे न्यावेत की नव्याने चालवावेत, हे संहितेने न्यायाधिकरणावर सोडले आहे. दहा वर्षे साक्षीपुरावे करून बसलेल्या कामगाराला 'पुन्हा पहिल्यापासून' सांगितले, तर तो कुठे जाईल? असा एकही खटला नव्याने चालवू नये, ही मागणी आपण आताच केली पाहिजे.

शेवटी आपल्या घरचे बोलू. बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवून दिले. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला त्यांनी विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला संप घडवला. सभागृहात कायद्याचा कीस काढायचा आणि रस्त्यावर संघटना उभी करायची, असे दोन्ही हात त्यांनी एकाच वेळी चालवले. आपण मात्र मोर्चा काढतो, निवेदन देतो आणि दुसऱ्या दिवशी कामगार एकटाच कोर्टात उभा असतो.

प्रत्येक विहारात रविवारी दोन तास कामगारांसाठी बसणारा एक वकील आणि एक लिहिणारा कार्यकर्ता असावा. नेमणुकीचा कागद, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, मुकादमाने दिलेला हजेरीचा चिटोरा, सगळे जपून ठेवायला शिकवावे. काढल्याच्या दिवसापासून ९० दिवस मोजायला शिकवावे. आणि तारखेला कामगारासोबत वस्तीतले चार लोक तरी व्हरांड्यात दिसावेत. वकिलीची सनद घेणाऱ्या आमच्या तरुण भावाबहिणींनी कामगार कायद्याकडे वळावे. इथे फी थोडी आहे, पण ज्या समाजाच्या वर्गणीवर आपण शिकलो, त्याचे ऋण फेडण्याची याहून चांगली जागा आम्हाला दिसत नाही.

जय भीम!