गाडी दारात आली की पहिला फोन पुढाऱ्याला. कागद मात्र कोणीच मागत नाही

बांधावरून दोन भावकीत मारामारी होते. रात्री ठाण्याची गाडी वस्तीवर येते आणि घरातल्या पोराला बसवून नेते. "कुठं नेताय साहेब?" असं विचारलं की उत्तर मिळतं, "चौकशीला नेतोय, सकाळी या." गाडी वळायच्या आत घरातून फोन जातो तो पुढाऱ्याला. पुढारी ठाण्यात बोलतो, कधी काम होतं, कधी होत नाही. पण अटक झाली की नाही, झाली तर कशासाठी, याचा कागद कोणी मागत नाही. नुकसान होतं ते इथंच.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात आणि सुप्रीम कोर्टाच्या निकालांत गोरगरिबाच्या बाजूच्या बऱ्याच गोष्टी आहेत. मात्र त्या बहुतेक सगळ्या कागदावर चालतात.

आधी नोटीस

साधी मारहाण, शिवीगाळ अशा प्रकरणात बऱ्याचदा 'एनसी' होते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. गुन्हा दखलपात्र असला, पण शिक्षा सात वर्षांपर्यंतची असली, तरी सरसकट अटक करायची नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ सालीच अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. अटकेची गरज नसेल तर कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची. माणूस नोटिशीप्रमाणे हजर राहिला, तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. हजर राहिलाच नाही, तर मात्र अटक होऊ शकते. म्हणून नोटीस आली की गाव सोडून पळणं सगळ्यात महागात पडतं.

ही नोटीस व्हॉट्सॲपवर चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं. व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' सांगून पैसे मागणारा तर सरळ भामटा असतो. कायद्यात अशी अटकच नाही.

अटक झाली तर

६ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्याच राज्यातल्या, वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मोठा निकाल दिला. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची. तिथल्या तिथं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं, पण कोर्टात उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तसं झालं नाही तर अटक बेकायदा ठरते. याचा अर्थ गुन्हा मिटला असा नाही, खटला चालू राहतो. पण कोठडीला हरकत घ्यायला वकिलाच्या हाती मुद्दा येतो.

दुसरा कागद अटकेच्या पंचनाम्याचा. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी आणि अटक झालेल्याचीही सही हवी. त्याला कुठं ठेवलंय हे नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच आहे. आता 'चौकशीला' म्हणून रात्रभर बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अटक दाखवली तर? मुंबई हायकोर्टाने १९९० सालीच सांगितलंय, की माणसाला अडवून ठेवलं त्या क्षणापासून अटक धरायची. म्हणून गाडी किती वाजता आली, कोण आलं होतं, हे घरच्यांनी तिथंच लिहून ठेवावं.

बाईला सूर्यास्त ते सूर्योदय अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. साठीच्या पुढच्या माणसावर तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल, तर अटकेआधी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

झडती आणि गावातले पंच

घराची झडती घ्यायला आलेल्या पोलिसांना अडवू नये. त्यातून वेगळाच गुन्हा अंगावर येतो. पण झडतीला परिसरातले दोन स्वतंत्र पंच हवेत, घरमालकाला हजर राहू दिलं पाहिजे आणि जप्त मालाच्या यादीची प्रत त्याला मिळाली पाहिजे. नव्या कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, यादीवर सह्या होतात तेही. मोबाइलवर केलं तरी चालतं. ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जायला हवं.

इथं गावाचीही जबाबदारी येते. लेखी आदेश देऊन बोलावलं तर पंचाला विनाकारण नाही म्हणता येत नाही. पण कितीतरी पंच चहाच्या टपरीवरून थेट ठाण्यात जाऊन, आधीच लिहून ठेवलेल्या पंचनाम्यावर सही करून येतात. दोन-चार वर्षांनी कोर्टात वकील विचारतो, माल कुठून काढला? पंच म्हणतो, मी बघितलंच नाही. मग खरा चोर असला तरी सुटतो आणि निर्दोष असला तर तोवर त्याची कोर्टाच्या फेऱ्या मारण्यातच वर्षं जातात. डोळ्यांनी बघितलं तेवढ्यावरच सही करायची, हे गावानं ठरवलं तर दोन्हीकडचं नुकसान टळेल.

मग अडतं कुठं?

पोलिसांच्या अडचणीही खऱ्या आहेत. एका ठाण्याकडे कितीतरी गावं, माणसं थोडी, त्यात बंदोबस्त. कागद मागे पडतो. पण पुढाऱ्याच्या फोननं सुटलेल्या माणसाच्या मागे कसलीच नोंद राहत नाही. ज्याची पुढाऱ्यापर्यंत पोच नाही, तो आतच राहतो. पारधी वस्तीवरच्या किंवा ऊसतोड मजुराच्या पालावरच्या माणसाला कोणाला फोन लावायचा हाच प्रश्न असतो. लेखी कारण मागण्याचा हक्क मात्र त्यालाही तेवढाच आहे.

वकील करायची ऐपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. घरातल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये तो पुढाऱ्याच्या नंबरच्या वर सेव्ह करून ठेवावा.