खालून कसं हाय?

"डोंगरकड्याची पोरगी आणि जहाज बनवते? तुमच्याकडे समुद्र कुठाय गं?" रूममेटचा हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकलाय. तिचंही बरोबरच आहे म्हणा! हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावातून मोठं पाणी बघायचं तर इसापूरच्या धरणावर जावं लागतं. पण मित्रांनो, ज्या चित्रावरून नौदलाने आख्खं जहाज उभं केलं, ते चित्र आपल्या मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत!

पाचव्या शतकातल्या त्या चित्रावरून 'आयएनएसव्ही कौंडिण्य' बांधलं गेलं. सप्टेंबर 2023 मध्ये गोव्यात काम सुरू झालं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोहोचलं. इंजिन नाही, फक्त शिडं आणि वारा!

हे जहाज नौदलात आल्याची बातमी वाचली आणि मलाही चेव आला. अजिंठ्याच्या चित्राचा प्रिंट काढला, 1:50 स्केल धरलं. म्हणजे 20 मीटरचं जहाज 40 सेंटिमीटरचं आणि 5 सेंटिमीटरची फळी फक्त 1 मिलीमीटरची! दिवाळीच्या सुट्टीत पातळ पट्ट्या कापून बसले. वाकवायला गेलं की कटकन मोडायच्या. शेवटी गावातल्या सुतारकाकांकडे गेले. "पोरी, आधी भिजू घाल की रातभर," ते म्हणाले. मग प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, "बाजूनं दिसतंय. पण खालून कसं हाय?"

मला उत्तर देता येईना. चित्रात जहाजाची एकच बाजू आहे. पाण्याखाली तळ गोल की निमुळता, रुंदी किती, काहीच दिसत नाही. मी नुसती रेघेवर रेघ ओढली होती. खरं सांगायचं तर जी.टी. मारली होती!

होस्टेलमध्ये जी.टी. म्हणजे काय हे सांगायला नको. काच, खाली बल्ब, वर सिनिअरची शीट. फर्स्ट इयरच्या माझ्या निम्म्या शीट्स तशाच झाल्या आणि मार्कही छान पडले. (सर, आता कापू नका, प्लीज!) पण सेक्शन म्हणजे नेमकं काय, हे मला त्या दिवशी सुतारकाकांच्या अंगणात कळलं.

कौंडिण्यच्या लोकांसमोरही हाच प्रश्न होता. जुना आराखडा नाही, अवशेष नाहीत. त्यांनी तळाचा आकार विचार करून ठरवला. जहाज पाण्यात कसं वागेल हे मद्रास आयआयटीच्या ओशन इंजिनिअरिंग विभागाच्या मदतीने मॉडेलवर तपासलं. म्हणजे मॉडेल हा काही शोकेसमधला खेळ नाही. जिथे माहिती संपते, तिथे ते तुम्हाला थांबवतं आणि विचारतं, आता काय करणार? कागदावर थाप मारता येते, लाकडात येत नाही. डावी-उजवी बाजू जुळली नाही तर बादलीत सोडल्याबरोबर जहाज कलंडतं. माझं दोनदा कलंडलं.

आणखी एक फायदा झाला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'कील' माहीत होता, 'पठाण' नव्हता! जहाजाच्या तळाचा कणा म्हणजे पठाण, पुढचं टोक म्हणजे नाळ. गुराब आणि गलबत यांतला फरकही आत्ताच कळला. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान, वल्ह्यांवरही चालणारं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ऐतिहासिक मॉडेलशेजारी एक कार्ड ठेवावं. त्यावर तीन रकाने असावेत : पुराव्यातून घेतलेलं, तर्काने ठरवलेलं आणि निव्वळ अंदाजाचं. माझ्या जहाजाचा तिसरा रकाना सगळ्यात लांब आहे, पण तो लिहायला आता लाज वाटत नाही. असंच कार्ड आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टलाही लावलं तर? किती जणांचा तिसरा रकाना भरेल? की चौथाच काढावा लागेल, 'सिनिअरकडून उचललेलं'?

सरांनी रविवारी वर्कशॉप दोन तास उघडं ठेवलं आणि वाया जाणारं लाकूड दिलं, तर आणखी चार जण माझ्यासोबत बसतील. जहाजच पाहिजे असं नाही. बैलगाडी करा, मोट करा, वाडा करा. फक्त करताना सुतारकाकांचा प्रश्न विसरू नका...

खालून कसं हाय?