टेबलावरचा होकार

बोईसरच्या रिक्षा स्टँडवर आणि तारापूर एमआयडीसीच्या कँटीनमध्ये निकाल केव्हाच लागला आहे: स्टेंट टाकला की माणूस दोन-तीन दिवसांत घरी, मग छाती उघडायची कशाला? असे म्हणणारे मूर्ख नाहीत. पाळी बुडली की पगार बुडतो, त्या कंत्राटी कामगाराला बायपासनंतरची दोन-तीन महिन्यांची विश्रांती जड जाते. शिवाय फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषधी लेपाच्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधल्यापासून तो आवाक्यातही आला.

पण सोयीचे ते गुणाचे असतेच असे नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ चाचणीत मधुमेह आणि एकाहून अधिक रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज असलेले 1,900 रुग्ण होते. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी एक तरी आघात स्टेंटवाल्यांपैकी 26.6 टक्क्यांना झाला, बायपासवाल्यांपैकी 18.7 टक्क्यांना. स्टेंट एक जागा उघडतो. शुगरने तर अख्खी वाहिनी पोखरलेली असते. बायपासचा जोड ब्लॉकेजच्या बराच पुढे रक्त नेऊन सोडतो, म्हणून मागे नवा अडथळा आला तरी पुढचा स्नायू उपाशी राहत नाही.

मग बायपासच खरा? तसेही नाही. त्याच चाचणीत पक्षाघात बायपासवाल्यांत दुपटीहून अधिक होता. पायाच्या शिरेचे जोड काही वर्षांनी बंदही पडतात. एकाच वाहिनीत छोटे ब्लॉकेज असेल तर छाती उघडण्याचे सहसा कारण नाही. आणि 2020 च्या ‘इस्केमिया’ चाचणीने दोन्ही पक्षांचे कान उपटले: 5,179 स्थिर रुग्णांपैकी ज्यांना आधी फक्त औषधे देऊन पाहिली, त्यांच्यात मृत्यू वाढले नाहीत. डाव्या मुख्य धमनीत मोठे ब्लॉकेज असलेले मात्र त्यात नव्हते.

अटॅक आला असेल तर हा वाद तिथेच थांबवावा. तेव्हा बंद वाहिनी लवकर उघडणे हाच धर्म. बोईसरहून मुंबई शंभरएक किलोमीटर, त्यात महामार्गावरची कोंडी. ईसीजीत मोठा अटॅक दिसला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर रक्तस्रावाचा धोका तपासून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच घ्यावे, मग मुंबई गाठावी.

अटॅक नसेल, तर घाई कोणाची आहे ते विचारा. अँजिओग्राफीच्या टेबलावर रुग्ण झोपलेला, बाहेर मुलाच्या हातात पेन, आणि ‘आत्ताच टाकून घेऊ का?’ हा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत स्टेंटही बसतो, बायपासही. तेव्हा निवड केवळ खिशाने करू नका. एकाहून अधिक ब्लॉकेज आणि सोबत शुगर असेल तर सीडी मागून घ्या, हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनलाही दाखवा. डहाणू लोकलची एक फेरी जास्त होईल. ती करा, सही त्यानंतर.