सायकल मापाची करून घ्यावी

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, विहिरी व बाजारभाव यांवर जाणत्या लोकांचे लेख नेहमीं येतात. त्यांच्या पंगतींत सायकलीसारखा विषय मांडणें कित्येकांस पोरकटपणाचें वाटेल. तथापि महसूल खात्यांतील कारकुनीच्या नोकरींत खेड्यापाड्यांतून माझें पुष्कळ फिरणें झालें, आणि एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडली. घरच्या पडवींत चांगली धडधाकट सायकल धूळ खात उभी असते, आणि त्याच घरचा पंधरा वर्षांचा मुलगा मोटारसायकल घेऊन शाळेस जातो. सायकल कां टाकली असें विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें : ‘जड जाते,’ किंवा ‘गुडघे दुखतात.’ माझें म्हणणें असें आहे कीं, हा दोष बहुधा सायकलीचा नसून ती आपल्या मापाची करून न घेणाऱ्या आपला स्वतःचा आहे.

वास्तविक मापाच्या बाबतींत शेतकरी अडाणी नाहीं. बैलजोडी पाहून आपण जूं करवितों. जमीन हलकी कीं भारी हें पाहून नांगर किती खोल घालावयाचा तें ठरवितों. सायकल मात्र दुकानांतून जशी आली तशीच दहा वर्षें वापरतों. बाप, मुलगा व मुलगी अशीं तिघें आळीपाळीनें तिच्यावर बसतात, पण सीटचा नट सोडण्याची तसदी कोणी घेत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवास १८८८ सालीं सायकलींचें दुकान काढलें, आणि पुढें त्यांच्याच हातून कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर बाहेर पडले, हें आपणांस ठाऊक आहे. सायकल आणि नांगर हीं अशा रीतीनें एकाच घरचीं भावंडें आहेत. एकाचें माप पाहावें आणि दुसऱ्याचें पाहूं नये, याला कारण दिसत नाहीं.

प्रथम सीटविषयीं. बसल्या जागीं दोन्ही पाय जमिनीस टेकले पाहिजेत, अशी आपल्याकडे समजूत आहे. या समजुतीनें मीं स्वतः पंचवीस वर्षें सीट खालीं ठेवून कचेरीची वाट तुडविली, आणि उजव्या गुडघ्याच्या दुखण्यानें शेवटीं सायकल सोडली. पुढें एका वृद्ध कारागिरानें माझी सीट अडीच इंच वर केली, तेव्हां दुखणें पुष्कळच कमी झालें व मला माझी चूक कळली. माप घेण्याची रीत सोपी आहे. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावें, एक पायडल अगदीं खालीं न्यावें आणि त्यावर टांच ठेवावी. या स्थितींत पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवितांना पायाचा चवडा पायडलवर ठेवला म्हणजे गुडघ्यास आपोआप थोडासा बांक राहतो. चालवितांना कंबर दोन्ही बाजूंस डुलूं लागली तर सीट फार वर गेली असें समजावें. सीटची दांडी नळींत निदान अडीच इंच तरी आंत राहिली पाहिजे, हें विसरूं नये. उतरतांना अर्थात् सीटवरून पुढें सरकून मग पाय टेकावा लागतो. ही संवय दोन दिवसांत होते.

दुसरी गोष्ट दांत्यांची. साध्या काळ्या सायकलीस पुढें पायडलपाशीं ४४ दांत्यांचें चक्र आणि मागें १८ दांत्यांचें फ्रीव्हील बहुधा असतें. म्हणजे पायडल एकदां पुरें फिरलें कीं मागचें चाक जवळजवळ अडीच वेळां फिरतें, आणि अठ्ठावीस इंची चाक असल्यास सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. सपाट डांबरी रस्त्यावर बिनओझ्याच्या माणसास हें ठीक आहे. परंतु दुधाच्या किटल्या बांधून ओढ्याचा चढ चढणारास तें भारी पडतें. हलक्या बैलांस खोल नांगर लावण्यासारखाच हा प्रकार आहे. मागें १८ च्या जागीं २२ दांत्यांचें फ्रीव्हील घातलें तर एका फेऱ्यांत अंतर सुमारें साडेचार मीटर पडतें, आणि त्याच चढावर पायास लागणारा जोर जवळजवळ पंचमांशानें कमी होतो. याची किंमत वेळाच्या रूपानें द्यावी लागते. मिनिटास साठ फेरे धरले, तर पांच किलोमीटरांस सव्वापंधरा मिनिटांऐवजीं पावणेएकोणीस मिनिटें लागतील. साडेतीन मिनिटें देऊन गुडघे राखणें हा सौदा तोट्याचा नाहीं. मोठें फ्रीव्हील घातल्यावर सांखळी आंखूड पडते. तेव्हां चाक खांचेंत अर्धा इंच पुढें घ्यावें, किंवा सांखळीस कड्यांची एक जोडी वाढवावी. सांखळी मधोमध बोटानें दाबली असतां सुमारें अर्धा इंच हलावी; अधिक ताणूं नये, अधिक सैल ठेवूं नये.

एकाच वेगाची सायकल म्हणजे गरिबाचें गाडें, असें हिणविणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठीं एक दाखला देतों. फ्रान्स देशांतील प्रसिद्ध सायकल-शर्यत १९०३ सालीं सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षीं स्वारांनीं सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर अंतर तोडलें. चालतां चालतां सांखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या योजनेस त्या शर्यतींत १९३७ सालीं परवानगी मिळाली. तोंपर्यंत मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळ्या दांत्यांचीं चक्रें बसवीत, आणि घाटाच्या पायथ्याशीं खालीं उतरून चाक उलटें लावीत. तात्पर्य, जगांतील निवडक स्वारांसही वाट पाहून दांते बदलावे लागत. मग आमच्या दूधवाल्यानें तेवढा विचार केला तर त्यांत कमीपणा कसला ?

तिसरी गोष्ट ब्रेक आणि हवा यांची. ब्रेकचें रबर धांवेच्या अगदीं जवळ, पण न घांसतां असावें. पोलादी धांव पावसानें भिजली म्हणजे ब्रेक फार उशिरा धरतो. याकरितां पावसाळ्यांत उतारास लागण्यापूर्वींच वेग कमी करावा आणि दोन्ही ब्रेक बरोबर दाबावे. ओझें मागील चाकावर येतें, म्हणून त्यांत हवा अधिक ठेवावी. किटल्या दोन्ही बाजूंस समतोल व शक्य तितक्या खालीं बांधाव्या. फारच उभा चढ असेल तर खालीं उतरून चालावें; त्यांत लाज नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, दारांत मोटारसायकल असतां ही यातायात कशास ? लांबच्या बाजारास मोटारसायकल जरूर न्यावी; तिच्याशीं माझें वैर नाहीं. पण मळा, डेअरी व शाळा हीं बहुधा चार-पांच किलोमीटरांच्या आंत असतात. शिवाय कायद्याची बाजू आहे, आणि जन्मभर कागद हाताळलेल्या माणसास ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गिअरची मोटारसायकल चालविण्यास अठरा वर्षें पुरीं लागतात. २०१९ सालच्या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा गाडीचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद झाली आहे. सायकलीस परवाना लागत नाहीं. पण कैद आणि दंड यांहून मोठें भय मुलाच्या जिवाचें आहे, हें बापांस मीं सांगावें असें नाहीं.

शेवटीं आमच्या शेजारची हकीकत सांगतों. तेथील मुलीस शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून सायकल मिळाली. शाळा साडेचार किलोमीटरांवर, आणि वाटेंत ओढ्यापासून लांब चढ. पंधरा दिवसांत सायकल गोठ्यांत गेली. एस. टी. ची वेळ जुळेना, आणि ‘आतां शिकली तेवढें पुरे’ अशी भाषा घरांत सुरू झाली. आम्हीं एका रविवारीं ती सायकल बाहेर काढली, सीट मुलीच्या मापाची केली, सांखळीस तेल दिलें, ब्रेकचें रबर बदललें आणि तालुक्याहून २२ दांत्यांचें फ्रीव्हील आणून बसविलें. सर्व खर्च पांचशें रुपयांच्या आंत झाला. चढाचा अखेरचा तुकडा ती अजून चालतच जाते. परंतु ती शाळेस जाते, आणि यंदा दहावींत आहे. तिच्या शिक्षणाच्या आड घरची गरिबी आली नव्हती. चार दांते आले होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या संस्थेच्या गोदामांत पाने, पंप, तेलाची बुधली आणि २० व २२ दांत्यांचीं चार-सहा फ्रीव्हीलें ठेवावीं. दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडण्यापूर्वीं एक दिवस ठरवून गांवांतील सायकली तेथें आणाव्या, एखाद्या कारागिरास दिवसाची मजुरी देऊन बोलवावें, आणि प्रत्येक सायकल तिच्यावर बसणाराच्या मापाची करून द्यावी. पेरणीपूर्वीं आपण पाभर तपासून घेतों. तितकाच हा उद्योग आहे. सभासद बंधूंनीं येत्या सभेंत याचा विचार करावा, एवढी विनंती करून लेखणी खालीं ठेवतों.