पिवळ्या पट्ट्याची पावती

त्रेचाळिसाव्या वर्षी आम्ही केडगावात कराटे क्लासला जायला लागलो! सोबतीला आठ-नऊ वर्षांची पोरं. गुडघे कुरकुरतात, पण मजा येते. राग आहे तो पट्ट्यांचा. तिसऱ्याच महिन्यात सर म्हणाले, "काका, यलो बेल्टची परीक्षा द्या, फी भरा." अहो, माझी लाथ अजून कमरेच्या वर जात नाही!

पट्ट्यांची पद्धत मुळात ज्युदोच्या जिगोरो कानोंची. फुनाकोशींनी कराटेत पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ साली. त्याआधी ओकिनावात लोक कराटे शिकतच होते की! आपल्या तालमीतल्या लाल मातीत तरी कुठे सर्टिफिकेट मिळतं? खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, ते कुठला पट्टा बांधून? (तालमीत पूर्वी मुलींना मज्जाव असायचा, तेवढ्यापुरते क्लासवाल्यांना शंभर मार्क.)

क्लास चालायला पैसे लागतात, मान्य. मग महिन्याची फी वाढवा, मी देतो. पण नापास करायची हिंमत ठेवा! परवा झाडून सगळे पास. त्यातली एक चिमुरडी आईला सांगत होती, "आता मी अंधारात एकटी येईन, माझ्याकडे ग्रीन बेल्ट आहे." आई कौतुकाने हसली. मला नाही हसू आलं.

फॉर्म मी कोराच परत दिला.