मोजून दिलेली उष्णता

गाठ आली की ती शेकावी, ही आपल्याकडील जुनी रीत. कर्करोगाच्या बाबतीत ती घातक ठरते, कारण शेकण्यात गेलेले महिने रोग्याला परत मिळत नाहीत. म्हणूनच कर्करोगावर उष्णतेचा उपचार होतो असे ऐकताच जाणता माणूस साशंक होतो. तथापि किरणोपचाराला दिलेली उष्णतेची जोड ही भोंदूगिरी नव्हे.

किरणोपचाराला एक मर्यादा आहे. अर्बुदाच्या गाभ्यात रक्त नीट पोहोचत नाही. प्राणवायू अपुरा पडतो आणि त्यावाचून किरणांचा मारा बोथट होतो. नेमक्या याच पेशी उष्णतेपुढे दुबळ्या ठरतात. अर्बुदाचे तापमान ४० ते ४३ अंश सेल्सियस इतके तासभर राखले, की तेथील रक्तप्रवाह वाढतो आणि किरणांनी झालेली इजा भरून काढण्याची पेशींची शक्ती मंदावते. हे काम विद्युतचुंबकीय लहरींचे. घरचा शेक कातडीखाली फारसा उतरत नाही.

तत्त्व पटले म्हणून रोगी बरा होतो असे नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या चाचणीत एकंदर लाभ दिसला नाही. मोठ्या गाठी पुरेशा तापल्याच नव्हत्या. पुढे नेदरलंड्समध्ये १९९० ते १९९६ या काळात ओटीपोटातील कर्करोगाच्या ३५८ रुग्णांवर चाचणी झाली. त्यांत गर्भाशयमुखाचा बळावलेला कर्करोग असलेल्या ११४ स्त्रिया होत्या. केवळ किरणोपचाराने शेकडा ५७ जणींची गाठ पूर्ण नाहीशी झाली. उष्णतेची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण ८३ होते. तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा २७ आणि ५१ भरले. गुदाशयाच्या कर्करोगात मात्र आयुर्मर्यादा वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे हा रामबाण नव्हे.

दरम्यान १९९९ पासून किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध देण्याची पद्धत रूढ झाली. परंतु ते औषध मूत्रपिंडांना जड जाते. ज्यांना ते सोसवत नाही, त्यांच्यासाठी उष्णतेचा पर्याय मोलाचा आहे. भारतीय स्त्रियांत हा कर्करोग दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि अनेकजणी रोग बळावल्यावरच रुग्णालयात येतात. वेळीच तपासणी आणि पुरेशी किरणयंत्रे ही पहिली गरज, यात वाद नाही. मात्र जेथे ती यंत्रे आहेत, त्या मोठ्या रुग्णालयांनी उष्णतेची साधने आणि तापमान काटेकोरपणे मोजणारे तज्ज्ञ यांचीही तरतूद करावी. उष्णता औषध ठरते ती मोजून दिल्यावरच.