आधी कोणतं इंजिन उघडावं?

गेल्या दोन महिन्यांपासून माझ्यापुढे एक प्रश्न आहे आणि घरात सगळे त्याला हसतात. दोन जुनी इंजिनं समोर आहेत, पैसे आणि सुट्ट्या मात्र एकाच इंजिनापुरत्या. एक आहे यवतमाळातल्या एका निवृत्त गृहस्थांच्या शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी, आपण जिला आजही 'फियाट'च म्हणतो ती. दुसरी चाचांची महिंद्रा जीप, पेजो डिझेल इंजिनाची. दारव्हा-दिग्रस रस्त्यावर काळी-पिवळी म्हणून तिनं आयुष्य काढलं, आता गोठ्यामागे उभी आहे.

मन जीपकडे धावतं. लहानपणी तिच्या मागच्या पायरीवर लटकून मी बाजाराला गेलो आहे. शिवाय या जीपमागचा इतिहास मला वर्गात सांगायला आवडतो. 1945 मध्ये ही कंपनी पोलादाच्या व्यापारासाठी निघाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. आद्याक्षरं तीच राहिली.

तरीही मी फियाट निवडली. जुनं इंजिन पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यानं असंच करावं, असं माझं मत आहे. कारणं सांगतो.

पहिलं कारण कागदाचं. जीप प्रवासी परवान्याची होती. फिटनेस संपून वर्षं झाली, कर थकला आहे. खासगी नोंद करायची तर आधी ते सगळं निस्तरावं लागेल. त्यात मधे कधीतरी तिचं इंजिन बदललेलं, आणि ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. इंजिन उत्तम बांधलं आणि गाडी रस्त्यावरच आणता आली नाही, तर काय उपयोग? म्हणून पान्याच्या आधी आरसी बुक हातात घ्यावं. फियाटचे दोन्ही नंबर मी टॉर्च लावून वाचले, ते जुळतात. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण तिलाही चुकणार नाही, पण तो सरळ रस्ता आहे.

दुसरं कारण इंजिनाचं. फियाटचं इंजिन 1089 सीसीचं. चार सिलिंडर, 68 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग असं सगळं डोळ्यांना दिसतं. बिघाड झाला तर पेट्रोल येतं का, ठिणगी पडते का, दाब बनतो का, या तीन प्रश्नांनी सुरुवात करता येते. जीपचं पेजो 2112 सीसीचं डिझेल. तिथं ठिणगी नाही, हवा वीस पटींहून जास्त दाबून तापवायची आणि त्यात डिझेल फवारायचं. त्यामुळे दाब थोडा कमी झाला तरी सकाळी इंजिन उठत नाही. पंप आणि नोझल तर पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवरच लावून आणावे लागतात. वजन इतकं की चेन कप्पी आणि दोन माणसांशिवाय ते बाहेर निघत नाही. शिकणाऱ्याच्या हाती त्यातलं फार थोडं उरतं.

फियाटमध्ये सगळं गोड आहे असं नाही. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यानं खराब होतात, म्हणून ते आधीच बदलायचे. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनणं बंद होऊन दोन दशकांहून जास्त काळ लोटला. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती 2023 मध्ये गेली. पण टॅक्सी म्हणून ती इतकी वर्षं धावली की जुन्या बाजारात तिचे पार्ट अजून सापडतात.

सौदा करण्याआधी मी चारही प्लग काढले, भोकांत थोडं थोडं तेल सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. मग पुलीच्या नटाला पाना लावून हळूच फिरवलं. ते फिरलं, म्हणजे जाम नव्हतं. आता हेड उतरवून बोअर मोजायचा. झीज थोडी असेल तर नव्या रिंगांवर भागेल. जास्त असेल तर बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन, क्रँक घासून त्या मापाच्या बेअरिंग. हे काम मशीनवाल्याचंच. मापं हातात येईपर्यंत एकही पार्ट विकत घेणार नाही. मुलीच्या प्रवेशाचे पैसे वेगळे ठेवले आहेत आणि छंदासाठी कर्ज काढायचं नाही, हे घरात ठरलं आहे.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हे काम मी ज्यांच्याकडून शिकतो आहे ते उस्ताद सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व वाजतो ते सांगतात. पहिल्या रविवारी त्यांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि म्हणाले, "सर, नट कोनसा किधर का है, पहले लिखो. तुमकू तो लिखना आता है ना!" मी वही काढली. वीस वर्षं वर्गात मी मुलांना बजावत आलो, "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात जावं लागेल." त्या दिवशी ते वाक्य आठवून मला लाज वाटली. 'पंक्चरवाले' म्हणून आपल्या समाजाला बाहेरचे टोमणे मारतात, याचा आपल्याला राग येतो. पण त्याच कामाची भीती आपणच आपल्या मुलांना घालतो.

बी.एड.ला आम्ही नई तालीम पाठ केली होती. 1937 ची वर्धा परिषद, मग डॉ. झाकिर हुसैन यांची समिती, हाताच्या कामातून शिक्षण. परीक्षेत गुण मिळाले. वर्धा आमच्या शेजारचा जिल्हा, पण तो धडा माझ्या हातापर्यंत यायला पंचेचाळिशी उलटली.

मुलांनी शाळा सोडून गॅरेजात जावं असं मी मुळीच म्हणत नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती पुस्तकच हवं. पण दहावीनंतर एखाद्याला यंत्राची ओढ असेल, तर त्याला आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा किंवा मोटार मेकॅनिकचा फॉर्म आपण अभिमानानं भरून द्यावा. उस्तादांकडे जी विद्या आहे तिला प्रमाणपत्राची जोड मिळाली असती, तर आज त्यांचं घर वेगळं दिसलं असतं, हे ते स्वतःच सांगतात.

चाचांना मी सांगितलं की जीपवर ताडपत्री टाकून ठेवा, विकू नका. फियाट सुरू झाली तर पुढच्या उन्हाळ्यात तिचे कागद हाती घेईन. ते म्हणाले, "पहले वो तो चालू कर." येत्या रविवारी हेड उतरवायचं आहे. नववीतली दोन मुलं बघायला येतो म्हणाली आहेत. वही त्यांच्याकडे द्यायचं ठरवलं आहे.